कर्मवीर दादासाहेब गायकवाड : सभागृहात आणि बांधावर



जून महिना आला की आमच्या शाळेच्या दारात नव्या प्रवेशांची गर्दी होते. अंबड, चुंचाळे, पाथर्डी या पट्ट्यात कारखान्यांत कामाला आलेली कितीतरी कुटुंबे आहेत आणि त्यांतली काही नुकतीच धम्मात आलेली आहेत. त्यातला एखादा बाप फॉर्म हातात घेऊन बाजूला बोलावतो आणि आवाज खाली करून विचारतो, की गुरुजी, धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले तर पोराची शिष्यवृत्ती जाणार नाही ना? दीक्षा घेताना ज्याचे मन डगमगले नाही, त्याचे पेन त्या रकान्यापाशी अडते. मी त्याला हसत नाही, कारण माझ्या आजोबांचेही पेन असेच अडले होते. त्यांना तर सही करतानाही शेजाऱ्याची मदत लागे.

त्या बापाला मी सांगतो की बिनघोर बौद्ध लिहा. असे बिनघोर सांगता यावे म्हणून ज्यांनी मोर्चे काढले, तुरुंग भोगले आणि सभागृहात वाद घातले त्यांच्यात पहिले नाव आपल्याच जिल्ह्यातले आहे. त्यांचे नाव कर्मवीर भाऊराव कृष्णराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड. आपल्या घरात बाबासाहेबांची तसबीर असते, बुद्धमूर्ती असते. दादासाहेबांचे नाव मात्र नाशिकच्या सभागृहाच्या पाटीवर वाचून आपण पुढे जातो. म्हणून या वेळी त्यांच्याविषयी लिहायचे ठरवले.

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी एका महार कुटुंबात झाला. (वर्गातली मुले आंबे आणि अंबड यांची हमखास गल्लत करतात. आंबे नाशिकच्या उत्तरेला दिंडोरीकडे आहे, आपले अंबड दक्षिणेला मुंबई-आग्रा रस्त्यालगत.) त्या काळी महाराच्या पोराला गावकी चुकत नसे. सरकारी कागद या गावाहून त्या गावाला पोचवणे, अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे धावणे, मेलेले ढोर ओढणे, मयताचा सांगावा घेऊन कोसच्या कोस चालणे, ही कामे घरातल्या एकाने केली नाही तर दुसऱ्याने करायची. याच्या मोबदल्यात काय मिळे? वतनाचा एक तुकडा, जो वाटण्या होऊन होऊन हातरुमालाएवढा झालेला, आणि गावकऱ्यांच्या मर्जीवरचे बलुते. दादासाहेबांनी पुढे आयुष्यभर ज्या प्रश्नांवर तोंड उघडले त्या सर्वांचे मूळ या तुकड्यात आहे. पदवी त्यांच्यापाशी नव्हती. गावगाडा कसा चालतो आणि कोणाच्या पाठीवर चालतो, याचे ज्ञान मात्र त्यांना कोणा प्रोफेसराकडून घ्यावे लागले नाही.

बाबासाहेबांच्या चळवळीत ते तरुणपणीच आले आणि नाशिक जिल्ह्याचा भार त्यांच्या खांद्यावर पडला. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे आज छापील उपलब्ध आहेत. ती जरूर वाचा. त्यांत राजकारण आहे, पैशांची चणचण आहे, वसतिगृहाच्या अडचणी आहेत आणि मधूनच प्रकृतीची चौकशी आहे. इतक्या मोकळेपणाने बाबासाहेब फार थोड्या माणसांशी बोलत.

२ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या वेळी दादासाहेब सत्तावीस वर्षांचे होते आणि सत्याग्रह समितीचे चिटणीसपद त्यांच्याकडे होते. हजारोंची मिरवणूक शिस्तीत मंदिराकडे गेली, तर मंदिराचे दरवाजे बंद. मग चारही दरवाजांवर सत्याग्रहींच्या तुकड्या बसल्या. त्यांत स्त्रियाही होत्या. ९ एप्रिलला रामनवमीचा रथ निघायचा होता. दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढावा असे ठरले होते, पण ऐन वेळी रथ पळवून नेण्यात आला आणि आपल्या लोकांवर दगडांचा वर्षाव झाला. बाबासाहेबांनाही मार लागला.

पाठ्यपुस्तकात इथपर्यंतच येते. पण वाचकहो, सत्याग्रह पाच वर्षे चालला, हे लक्षात घ्या. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेले, मुंबईला त्यांची अनेक कामे होती, आणि इकडे गावोगावी बहिष्कार सुरू झाले. सत्याग्रहाला गेलेल्या माणसाला कामावर घ्यायचे नाही, पीठ दळून द्यायचे नाही, वाट अडवायची. अशा गावांतून पुन्हा नवी तुकडी उभी करायची, तिच्या भाकरीची सोय लावायची, तुरुंगात गेलेल्याच्या घरी जाऊन बसायचे, हे काम भाऊराव गायकवाड आणि अमृतराव रणखांबे यांच्यासारख्या नाशिकच्या माणसांनी केले. दादासाहेबांनी स्वतः तुरुंगवास भोगला. पहिल्या दिवशी मिरवणुकीत चालणे सोपे असते. तिसऱ्या वर्षी माणसे गोळा करून दाखवणे किती कठीण, हे ज्याने विहाराच्या बांधकामाची वर्गणी गोळा केली आहे त्याला विचारा.

मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून कळवले की मंदिरप्रवेशाचा हेतू मूर्तिपूजेची ओढ हा नव्हता, आपल्या समाजाला त्याच्या स्थितीची जाणीव व्हावी हा होता. तो साधला आहे, आता सगळी शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी. विचार करा. ज्या माणसाने चार वर्षे या एकाच कामात घातली त्याला असे पत्र आले. त्याने रुसवा धरला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला परिषद भरली, रणखांबे स्वागताध्यक्ष होते, आणि तिथे बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. मंदिराच्या दारात पाच वर्षे बसून जे कळले तेच येवल्यात बोलले गेले. आपण ज्याला धम्मक्रांती म्हणतो तिची पहिली पायरी नाशिक जिल्ह्याच्या मातीत आहे आणि त्या पायरीचे दगड वाहणाऱ्यांत दादासाहेब आहेत.

आता त्यांच्या आमदारकीकडे येतो.

ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि १९३७ च्या निवडणुकीत दादासाहेब नाशिक जिल्ह्यातून मुंबई कायदेमंडळावर निवडून आले. तेव्हा ते चौतीस वर्षांचे, म्हणजे आज हे लिहिणाऱ्याच्या वयाचे होते. १९४६ पर्यंत ते त्या सभागृहाचे सभासद होते. समोर काँग्रेसचे खेर मंत्रिमंडळ होते, मोठमोठे वकील होते आणि कामकाज चाले इंग्रजी वळणाचे. बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, महार वतनाच्या दुरुस्तीचा प्रश्न पुन्हा मांडला, १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कायदेमंडळावर आला. या सर्व कामांत पक्षाच्या बाकांवर दादासाहेब होते.

त्यांच्या स्वतःच्या बाण्याचा एक प्रसंग मात्र सविस्तर सांगितला पाहिजे. १९३८ च्या जानेवारीत लोकल बोर्डांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आले. त्यात अस्पृश्य वर्गांना हरिजन म्हणावे अशी तरतूद होती. वरवर पाहता केवढे गोड नाव! हरीचे जन, देवाची माणसे! दादासाहेब उठले आणि त्यांनी सरकारला विचारले की अस्पृश्य जर देवाची माणसे, तर बाकीचे काय राक्षसाची माणसे समजायची? नाव बदलून आमची विहीर आम्हाला खुली होणार असेल, आमची स्थिती खरोखर सुधारणार असेल तर आमची हरकत नाही, पण नुसत्या नावाने काय होणार, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. बाबासाहेबांनीही सांगितले की आम्हाला काय म्हणायचे हे निदान आमच्यावर सोडा. बहुमताच्या जोरावर सरकारने ऐकले नाही, तेव्हा पक्षाचे सभासद सभागृहाबाहेर पडले.

नाव कोणी द्यायचे हा वाद आहे. धर्माच्या रकान्यात आपल्या हाताने बौद्ध लिहिणाऱ्या माणसाला तो वेगळा समजावून सांगायला नको.

वतनाच्या बाबतीत त्यांची भूमिका स्पष्ट होती, गावकीची गुलामी जावी आणि जमीन राहावी. लढाईच्या काळात सरकारने वतनी जमिनींवरचा आकार वाढवला, तेव्हा ऑगस्ट १९४१ मध्ये आपल्याच सिन्नरला परिषद भरली आणि वाढीव कर न देण्याची हाक बाबासाहेबांनी दिली. महार वतने कायद्याने नष्ट व्हायला मात्र १९५८ चा कायदा यावा लागला, म्हणजे बाबासाहेब गेल्यानंतर. त्या कायद्याने वतनदारांना ठरावीक रक्कम भरून जमीन परत मिळण्याची सोय झाली, परंतु ती विकण्यावर सरकारी परवानगीची अट राहिली. तुमच्यापैकी कोणाच्या सातबारावर वतनाची नोंद आणि भोगवटादार वर्ग २ असा शेरा असेल तर तो का आहे हे यावरून कळेल. दलालाच्या कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी हे माहीत असावे, इतकेच.

१४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा दीक्षासमारंभ तुम्हाला ठाऊक आहे. त्यानंतर अवघ्या चौपन्नाव्या दिवशी, ७ डिसेंबरला, दादरच्या चौपाटीवर लाखोंचा जनसागर बाबासाहेबांच्या चितेभोवती उभा होता. मुंबईतही त्याच महिन्यात दीक्षेचा समारंभ व्हायचा होता आणि बाबासाहेब तो स्वतः करणार होते. आता कोण करणार? लोक रडत होते. त्या गर्दीपुढे दादासाहेब उभे राहिले आणि त्यांनी सांगितले की बाबासाहेबांची ही इच्छा अपुरी राहिली आहे, ज्यांना दीक्षा घ्यायची असेल त्यांनी इथेच घ्यावी. भदंत आनंद कौसल्यायन यांनी त्रिशरण-पंचशील दिले आणि लाखाहून अधिक माणसांनी त्या स्मशानात धम्म स्वीकारला. मला वाटते, दादासाहेबांच्या आयुष्यात यापेक्षा कठीण भाषण दुसरे नसेल. शोकाने लोक पांगून जाण्याचा तो क्षण होता आणि एका धोतर नेसणाऱ्या माणसाने तो दीक्षेचा क्षण केला.

धोतराचा उल्लेख मी मुद्दाम केला. १९५७ साली दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. संयुक्त महाराष्ट्राचे वारे होते आणि फेडरेशन समितीबरोबर होते. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, आणि पुढच्या दोन वर्षांतच फुटला. एका बाजूला बी. सी. कांबळे आणि त्यांच्याबरोबरचे शिकलेले, वकिली केलेले तरुण. त्यांनी आपल्या गटाला दुरुस्त म्हटले, मग दादासाहेबांचा गट आपोआप नादुरुस्त ठरला. आक्षेप असा की हे धोतरवाले, इंग्रजी न येणारे लोक बाबासाहेबांचा घटनात्मक मार्ग सोडून कम्युनिस्टांच्या नादी लागले आहेत. कांबळे विद्वान होते, बाबासाहेबांवर त्यांनी केलेले लेखन आपण आजही वाचतो, आणि सत्याग्रहाच्या गर्दीत आपली स्वतंत्र ओळख बुडेल ही त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. तरीही सांगतो, घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मला हा भाग वाचताना लाज वाटते. आम्ही शिकलेल्यांनी शर्टाची इस्त्री बघून माणूस दुरुस्त की नादुरुस्त ठरवावा, हे कुठल्या शीलात बसते?

आणि दादासाहेब कशाच्या नादी लागले होते? जमिनीच्या. त्यांचे म्हणणे साधे होते. शहरात नोकरी लागलेल्याला राखीव जागा मिळाल्या, पण खेड्यातल्या नव्वद घरांचे काय? ज्याच्या पोटाला रोज पाटलाच्या बांधावर जावे लागते त्याने देव्हारा नदीत सोडला, मेलेले ढोर ओढायचे नाकारले, की दुसऱ्या दिवशी त्याचे काम बंद. मग तो शील पाळणार कशाच्या आधारावर? म्हणून १९५९ साली त्यांनी पडीक आणि सरकारी जमिनी भूमिहीनांना मिळाव्यात यासाठी सत्याग्रह उभा केला. नाशिक, खानदेश, मराठवाडा येथील माणसे बायकामुलांसह तुरुंगात गेली.

दुसरा सत्याग्रह त्याहून मोठा. १ ऑक्टोबर १९६४ रोजी दिल्लीत मोर्चा नेऊन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्याकडे दहा मागण्यांचे निवेदन देण्यात आले. तेव्हा दादासाहेब राज्यसभेत होते. मागण्या पाहा. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे. कसेल त्याला जमीन मिळावी. पडीक जमीन भूमिहीनांना द्यावी. धान्याचे वाटप नीट व्हावे. झोपडपट्टीवासीयांची स्थिती सुधारावी. किमान वेतनाचा कायदा अंमलात यावा. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती द्याव्यात. अस्पृश्यता गुन्हा कायद्याची अंमलबजावणी व्हावी. आपल्या लोकांचा छळ थांबावा आणि नोकऱ्यांतल्या राखीव जागा पूर्ण भराव्यात. यांत आपल्या एकट्या समाजापुरत्या किती आणि सर्व गरिबांच्या किती, ते तुम्हीच मोजा.

६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, देशभर सत्याग्रह सुरू झाला आणि फेब्रुवारी १९६५ पर्यंत चालला. अटक झालेल्यांचा आकडा तीन लाखांच्या वर सांगतात. माझे आजोबा त्यांतले एक. त्यांना तारखा आठवत नसत. तुरुंगातल्या भाकरीत खडे किती असत ते मात्र बरोबर आठवे, आणि तिथे संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हटलेली वंदनाही आठवे. गावच्या विहारात त्यांना ती कधी इतक्या मोठ्याने म्हणता आली नव्हती. शेवटी सरकारने मागण्या तत्त्वतः मान्य केल्या आणि सत्याग्रह थांबला. तत्त्वतः हा शब्द सरकारी आहे, त्याचा अर्थ पुढे पंचवीस वर्षांनी कळला.

आता बौद्धांच्या सवलतींविषयी, कारण आपण तिथूनच सुरुवात केली. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे असे होते. १९५६ साली शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा झाला नाही. म्हणजे धम्मात येणाऱ्याला एका हाताने त्रिशरण घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने पोराची शिष्यवृत्ती परत करायची! अनेकांनी कागदोपत्री जुनाच धर्म ठेवला, काहींनी निर्धाराने बौद्ध लिहिले आणि नुकसान सोसले. १९६० साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने महाराष्ट्रापुरत्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राच्या नोकऱ्या आणि राखीव मतदारसंघ मात्र बंदच राहिले.

दादासाहेबांच्या सगळ्याच निर्णयांपुढे मान तुकवावी असे मी म्हणणार नाही. १९६७ च्या सुमारास त्यांनी यशवंतरावांच्या काँग्रेसशी समझोता केला. जिल्हा परिषदांत आपल्या माणसांना जागा मिळतील, गावच्या पातळीवरचा जाच कमी होईल, हा त्यांचा हिशेब होता. जागा थोड्या मिळाल्या, जाच कमी झाला नाही, आणि पक्षात आणखी एक फूट पडली. ज्या काँग्रेसच्या हरिजन शब्दाला त्यांनी तीस वर्षांपूर्वी सभागृहात आव्हान दिले तिच्याच दारात पक्ष गेला, असे तरुण म्हणू लागले. १९७२ साली दलित पँथर निघाली तिच्या रागाला हेही एक कारण होते. म्हातारपणी थकलेल्या सेनापतीने केलेला तह, असे मी या निर्णयाकडे पाहतो. पण त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

१९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात १२ एप्रिल १९९० रोजी लागले. त्याच वर्षी विश्वनाथ प्रताप सिंह सरकारने कायद्यात दुरुस्ती करून बौद्धांना केंद्राच्या सवलती दिल्या. पुढच्या वर्षी महाराष्ट्र सरकारने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. २००४ साली त्यांच्याच नावाची सबळीकरण व स्वाभिमान योजना आली. तिच्यात अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. विकत घ्यायला जमीनच मिळत नाही, ही तिची मोठी अडचण. आपल्या अंबडचेच पाहा. जिथे भात आणि द्राक्षे होती तिथे शेड उभ्या आहेत.

रविवारी मुलांना घेऊन त्रिरश्मी लेण्यांवर जाल तेव्हा तिसऱ्या लेण्यातला शिलालेख दाखवा. गौतमीपुत्र सातकर्णीने भिक्खूंना एक शेत दिले होते. ते शेत कसले जात नाही, गावही ओस पडले, असे कळल्यावर नगराच्या सीमेजवळची दुसरी शंभर निवर्तने जमीन दिल्याची त्यात नोंद आहे. नुसते दान लिहून राजा थांबला नाही, ती जमीन पिकते की नाही हेही त्याने पाहिले. दादासाहेब सरकारकडे याहून वेगळे काय मागत होते?

फॉर्मचे राहिले. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहावे. मूळ जात विचारली असेल तर ती तिच्या रकान्यात, जुन्या दाखल्याप्रमाणे लिहावी. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो, म्हणून आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, वतनाचा उतारा, गावचा जन्ममृत्यूचा उतारा, जे सापडेल ते प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. ज्या कुटुंबांची मूळ जात अनुसूचित यादीत नाही त्यांनी समाजकल्याण कार्यालयात आधी चौकशी करावी. आणि कोणाला फॉर्म भरता येत नसेल तर शाळा सुटल्यावर या, मी पाच वाजेपर्यंत असतो.